सल्ला फुकट नव्हता, मग बिल का दाखवत नाही?

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण वाचा. विषय तुमच्या-माझ्या सरकारी दवाखान्याचा आहे, आणि तिथे आपण सगळेच कधी ना कधी जातो. ज्यांच्याकडे गाडी-बंगला आहे तेही जातात. अपघात रात्री दोनला झाला की खासगीवाले दार उघडत नाहीत, तेव्हा तिथंच जावं लागतं.

आधी कबुली देतो. दोन-अडीच वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयात चार तरुण मुलं-मुली आली होती. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब, इंग्रजी सफाईदार. बाहेरच्या एका सल्लागार कंपनीची माणसं. रुग्णालयाचा ‘अभ्यास’ करायला आली होती. आठवडाभर फिरली, ओपीडीच्या रांगेत उभ्या माणसांना प्रश्न विचारले, फोटो काढले आणि गेली. त्याची पहिली बातमी मीच केली होती. मथळाही आठवतो: ‘रुग्णालयाचा होणार कायापालट’. प्रेस नोट आली, मी दोन शब्द इकडचे तिकडे केले, फोटो लावला, पाठवून दिली. ह्या कामाला पैसे किती, कुठल्या खात्यातून, ह्या कंपनीला कुणी आणि कसं निवडलं, असं एकही अक्षर मी विचारलं नाही. डेस्कवरूनही कुणी विचारलं नाही. चार कॉलम बातमी लागली, मी खूश.

हे सगळं विसरूनही गेलो होतो. गेल्या फेब्रुवारीत रात्री साडेअकराला एका ओळखीच्या काकांचा फोन आला. पुतणी बाळंतपणासाठी दाखल होती, सिझर करावं लागेल म्हणाले, पण भूल द्यायला डॉक्टर नाही, जिल्ह्याला न्या. जिल्हा साठ किलोमीटर. मी गाडी काढून रुग्णालयात पोचलो तोवर १०८ आली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण त्या रात्री पोरीला गाडीत चढवेपर्यंत मी व्हरांड्यात उभा होतो आणि सहज खाली लक्ष गेलं. फरशीवर रंगीत पट्टे. पिवळा पट्टा प्रसूती विभागाकडे, निळा प्रयोगशाळेकडे, लाल अपघात विभागाकडे. कोपऱ्यात एक टच स्क्रीनचं यंत्र, बंद, वर चादर टाकलेली आणि चादरीवर कापसाचं खोकं. पिवळ्या पट्ट्यावरून पोरगी आत गेली होती आणि त्याच पट्ट्यावरून स्ट्रेचरवर बाहेर आली.

रात्रपाळीच्या सिस्टरना विचारलं, हे पट्टे कधी मारले? त्या म्हणाल्या, "ते कन्सल्टंटवाले आले होते ना दादा, तेव्हाचं. पेशंट हरवतात म्हणे. पेशंट कुठं हरवतोय? डॉक्टर हरवलेत आमचे." तुम्हाला कुणी काही विचारलं होतं का? "आम्हाला? छे. फोटोत उभं राहा म्हणाले होते."

बस, तिथून डोक्यात किडा शिरला.

आता पुढे जाण्याआधी एक गोंधळ दूर करतो, कारण आरोग्य खात्यात ‘कन्सल्टंट’ ह्या एकाच शब्दाखाली तीन वेगळी माणसं राहतात. पहिला म्हणजे बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ डॉक्टर. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसला की खासगीतल्याला फोन करून बोलावतात, त्याला केसमागे मानधन देतात. दुसरा म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातला कंत्राटी माणूस. त्याच्या पदाच्या नावात ‘सल्लागार’ असतं, पण बिचारा वर्षावर्षाच्या ऑर्डरवर जगतो, पगार तीन-तीन महिने लांबतो आणि कायम करा म्हणून उपोषणाला बसतो. तिसरा म्हणजे कंपनी. ही मुंबई-दिल्ली-बंगळुरूहून येते, अहवाल देते, सादरीकरण करते, ‘प्रकल्प व्यवस्थापन कक्ष’ चालवते, माणसामागे महिन्याचा दर लावून बिल देते. मी आज बोलतोय ते फक्त ह्या तिसऱ्याबद्दल. पहिल्या दोघांवर कृपया घसरू नका. उलट गंमत अशी आहे की पहिल्या दोघांना मिळणारी रक्कम सहज सापडते. अभियानाचा दरवर्षीचा आराखडा राज्याने दिल्लीला पाठवायचा, तिथल्या बैठकीत तो मंजूर होतो आणि त्या बैठकीचं इतिवृत्त, ज्याला खात्यात ‘आरओपी’ म्हणतात, ते वेबसाइटवर टाकलं जातं. कुठल्या कामाला किती मागितले, किती मिळाले, सगळं त्यात तक्त्यात असतं. वाचायला किचकट आहे, पण आहे. वीस-तीस हजारांवर राबणाऱ्याचा हिशेब उघड, आणि कंपनीचा हिशेब म्हटलं की तोंडाला कुलूप.

मी माहितीचा अधिकार टाकला. नव्या मित्रांसाठी सांगतो, आपल्या राज्यात २०१२ पासून नियम आहे की अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत पाहिजे. बातमीदाराला १५० शब्द म्हणजे एक सिंगल कॉलम, त्यामुळे मला अडचण नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि विचारलं: संस्थेची निवड कोणत्या पद्धतीने झाली, कार्यादेशाची प्रत द्या, एकूण किती रक्कम दिली आणि कोणत्या लेखाशीर्षातून, संस्थेने दिलेल्या अहवालाची प्रत द्या, आणि त्यातल्या कोणत्या शिफारशींवर काय कार्यवाही झाली.

कायद्यात तीस दिवस आहेत. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, म्हणजे तसे शिस्तीचे. रकमेबद्दल उत्तर असं की ही माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यापारविषयक गोपनीयतेशी संबंधित असल्याने कलम ८(१)(घ) नुसार देता येत नाही. अहवालाबद्दल उत्तर असं की तो ‘कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही’. शिफारशींवरच्या कार्यवाहीबद्दल उत्तर: ‘निरंक’.

दोन मिनिटं हे तीन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघा. पैसे दिलेत, ते गुपित आहे. पैसे देऊन जे घेतलं, ते सापडत नाही. आणि त्याचं पुढे काय केलं, तर काही नाही.

घरात साधा प्लंबर बोलावला तरी आपण नळ फिरवून बघतो, मग पैसे देतो. सरकारी बिलावर तर काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचा दाखला लागतो, त्याशिवाय कोषागारातून पैसा हलत नाही. म्हणजे कुणीतरी अहवाल हातात घेऊन, निदान वजन करून, सही केलीच असणार. तो अहवाल गेला कुठं? आणि कागद ‘आढळून येत नाही’ हे उत्तर आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की ते देणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नावाचा कायदा आहे. सरकारी अभिलेख नियमबाह्य नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. हा कायदा मी पहिल्या अपिलात लिहिला. बघू.

आता त्या ‘व्यापारी गोपनीयते’कडे वळतो, कारण खरी मेख इथं आहे.

कलम ८(१)(घ) खोटं नाही. कंपनीने एखादं सॉफ्टवेअर बनवलं, त्याची आतली रचना आहे, ती उघड केली तर दुसरी कंपनी चोरेल, हे मला मान्य आहे. पण जनतेच्या पैशातून दिलेली रक्कम गुपित कशी? निविदा उघडल्यावर, काम दिल्यावर, बिल चुकतं केल्यावर त्या आकड्यात स्पर्धा उरते कुठे? शिवाय त्याच कलमात पुढे लिहिलंय की व्यापक सार्वजनिक हित असेल तर हीसुद्धा माहिती देता येते. कलम १० म्हणतं की न देण्यासारखा भाग झाकून उरलेला द्या. म्हणजे चार ओळी काळ्या करा आणि बाकीचं पान द्या. आणि त्रयस्थ पक्षाचं म्हणाल तर कलम ११ प्रमाणे त्याला पाच दिवसांत नोटीस काढायची असते आणि त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. म्हणणं त्याचं, निर्णय मात्र माहिती अधिकाऱ्याचा. त्रयस्थाने ‘नको’ म्हटलं म्हणून माहिती आपोआप नाकारली जात नाही. माझ्या प्रकरणात नोटीस काढली होती का, हेच उत्तरात लिहिलेलं नाही.

आणि सगळ्यात मजेची गोष्ट कलम २(च). ‘माहिती’ म्हणजे काय ह्याची व्याख्या. तिथं यादी आहे, आणि त्या यादीत अभिप्राय आहेत, सल्ले आहेत, करार आहेत, अहवाल आहेत. सल्ला, करार, अहवाल! कायदा लिहिणाऱ्याने जणू सल्लागारांची फाइल समोर ठेवून लिहिलंय. ह्यापुढे जाऊन कलम ४(१)(ख) सांगतं की अर्थसंकल्पातली तरतूद, प्रस्तावित खर्च आणि प्रत्यक्ष वाटप ह्याचा तपशील कुणी अर्ज करण्याची वाट न बघता कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा आहे. २००५ चा कायदा. वीस वर्षं होऊन गेली. आपल्या तालुक्यातल्या किती कार्यालयांत ही १७ मुद्द्यांची माहिती अद्ययावत आहे, जाऊन बघा. एका ठिकाणी मला जो बोर्ड दाखवला त्यावरचे साहेब केव्हाच निवृत्त झालेत.

बरं, अर्ज न करता अर्थसंकल्पातून हा खर्च सापडतो का? मी बसलो एक रविवार. डिप्लोमाला असताना अर्थसंकल्पाचा तास दुपारी जेवणानंतर असायचा, निम्मा वर्ग पेंगायचा, मीही. त्याची शिक्षा आता भोगतोय. वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचा महसुली खर्च मुख्य शीर्ष २२१० खाली असतो. त्याच्या पोटात योजना, आणि प्रत्येक योजनेच्या पोटात खर्चाचा प्रकार सांगणारी दोन आकडी उद्दिष्टं. ०१ म्हणजे वेतन, १३ कार्यालयीन खर्च, १० कंत्राटी सेवा, २८ व्यावसायिक सेवा, ३१ सहायक अनुदाने, ५० इतर खर्च. आता सल्लागार कंपनीचं बिल शोधा! ते २८ मध्ये असू शकतं, पण तिथंच वकिलाची फीही असते. १० मध्ये असू शकतं, पण तिथं सफाई आणि सुरक्षा रक्षकही आहेत. ५० मध्ये तर काहीही असू शकतं. आणि ३१ मधून पैसा एकदा आरोग्य सोसायटीकडे गेला की पुढचा खर्च सोसायटीच्या वहीत, अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तो एका ओळीचं अनुदान म्हणून दिसतो. बांधकामाच्या प्रकल्पात सल्लागाराची फी प्रकल्पाच्या किमतीतच टक्क्याने धरलेली असते, म्हणजे ती विटा-सिमेंटमध्ये मिसळून जाते.

एक लक्षात घ्या, ह्यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाहीये. कदाचित एकही रुपया इकडचा तिकडे झाला नसेल. मी एवढंच म्हणतोय की झाला नाही हे तपासायची सोयच ठेवलेली नाही. राज्याने एका वर्षात आरोग्यावरच्या बाहेरच्या सल्ल्यासाठी किती पैसे दिले, ह्याचं एका आकड्यात उत्तर देणारं पान मला सापडलं नाही.

ही सोय ठेवली की काय होतं ते सांगतो. जरा लांबचं उदाहरण आहे, कॅनडाचं, पण आपल्याला चपखल बसतं. तिथल्या ऑन्टॅरिओ प्रांताने रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणायचं काम काढलं. त्यासाठी २००८ मध्ये ‘ई-हेल्थ ऑन्टॅरिओ’ नावाची संस्था केली. वर्षभरात बोंब उठली. निविदा न काढता सल्लागारांना कामं दिली होती. दिवसाला २७०० डॉलर घेणाऱ्या एका सल्लागाराने वर चहा आणि बिस्किटाचंही बिल लावलं होतं. चहा १.६५ डॉलर, बिस्किटं ३.९९ डॉलर. लोकांना कोटींचे आकडे कळत नाहीत, पण बिस्किटाचं बिल लगेच कळतं. तिथंही तेच झालं, सगळा प्रांत त्या बिस्किटांवर भडकला. संस्थेच्या प्रमुख बाईंना जून २००९ मध्ये जावं लागलं. ऑक्टोबरमध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, त्यात हिशेब निघाला की ह्या सगळ्या खटाटोपावर वर्षानुवर्षांत १ अब्ज डॉलर गेले आणि त्या मानाने हाती फारसं काही आलेलं नाही. आरोग्यमंत्री डेव्हिड कॅप्लन ह्यांनी राजीनामा दिला.

मला त्या अहवालातली बिस्किटं नाही, दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २००८ मध्ये मंत्रालयातल्या ई-हेल्थ शाखेत पूर्णवेळ कर्मचारी होते तीसपेक्षा कमी, आणि सल्लागार तीनशेहून जास्त! म्हणजे सरकारी माणूस एक आणि त्याला सल्ला देणारे दहा. अशा ठिकाणी सल्लागाराच्या कामावर लक्ष ठेवणार कोण? दुसरा सल्लागारच. माझ्या मते सगळ्या रोगाचं मूळ हेच आहे. खात्यातली पदं भरायची नाहीत, मग खात्याला काम कळणारा माणूस उरत नाही, मग बाहेरून आणावा लागतो, आणि त्याने केलेलं बरोबर की चूक हे सांगायलाही आत कुणी शिल्लक नसतं. आपल्याकडे पदभरती किती वर्षं कशी रखडते ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच घरातली पोरं अभ्यासिकेत बसून तिशीला आलीत.

पण ऑन्टॅरिओत पुढे काय झालं तेही बघा. बिनानिविदा सल्लागार नेमायला बंदी आली, सल्लागाराने जेवणखाण्याचं बिल लावायचं नाही असा नियम झाला. २०१० मध्ये वेगळा कायदा करून सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या खरेदीला आणि खर्चाला शिस्त लावली. आणि १ जानेवारी २०१२ पासून तिथली रुग्णालयं माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आणली. आपली सरकारी रुग्णालयं तर २००५ पासूनच कायद्याखाली आहेत. म्हणजे कायद्यात आपण त्यांच्या पुढे होतो. उत्तर देण्यात कुठं आहोत ते वर वाचलंतच.

इंग्लंडचं एक सांगतो आणि परदेशातून परत येतो. कोविडच्या काळात तिथं चाचण्या आणि संपर्क शोधण्याचा मोठा कार्यक्रम झाला. मार्च २०२१ मध्ये त्यांच्या संसदेच्या लोकलेखा समितीने छापून टाकलं की ह्या कार्यक्रमावर अजूनही सुमारे २५०० सल्लागार आहेत, दिवसाचा दर अंदाजे ११०० पौंड, आणि सर्वांत जास्त दर ६६२४ पौंड. दिवसाचा! तिथं कुणी ‘त्रयस्थ पक्षाची गोपनीयता’ म्हणालं नाही. कंपन्या बुडाल्या नाहीत, पुढच्या निविदाही त्यांनी भरल्या.

त्याच देशात २०१८ साली विद्यापीठांतल्या काही संशोधकांनी अभ्यास केला. सरकारी आरोग्यसेवेतले १२० हॉस्पिटल ट्रस्ट घेतले, चार वर्षांचा हिशेब घेतला, आणि तपासलं की व्यवस्थापन सल्लागारांवर जास्त खर्च करणाऱ्यांचं काम सुधारलं का. निष्कर्ष उलटा निघाला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर जिथं सल्लागारांवर खर्च वाढला तिथं अकार्यक्षमता कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. आता ह्या निष्कर्षावर वाद घालता येईल. आधीच आजारी असलेलं रुग्णालयच वैद्य बोलावतं, असं कुणी म्हणेल, आणि सल्लागारांचा फायदा झालेली रुग्णालयंही असतीलच. पण हा अभ्यास मुळात करता का आला? कारण तिथल्या प्रत्येक ट्रस्टच्या वार्षिक हिशेबात सल्लागारांच्या खर्चाची वेगळी ओळ छापलेली असते. एक ओळ. ती ओळ आपल्याकडे नाही म्हणून आपल्याकडे असा अभ्यास नाही, असा वाद नाही, विधानसभेत असा प्रश्न नाही. आणि माझ्यासारख्याला फरशीवरचे पट्टे बघून शंका येते, तोवर अडीच वर्षं गेलेली असतात.

आता दुसरी बाजू. मला काहीजण म्हणतील, तू सल्लागारांच्या विरोधातच आहेस. अजिबात नाही. काही कामं बाहेरच्यानेच करावी. ९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण गेले. मध्ये जेमतेम दहा महिने. वायरिंग, ऑक्सिजनची पाइपलाइन, आगीचं परीक्षण, ह्यासाठी बाहेरचा जाणकार माणूस हवाच, आणि त्याला पैसेही चांगले द्यायला हवेत. रुग्णालयाचा बाबू आणि डॉक्टर हे काम करू शकत नाहीत.

पण म्हणूनच तर अहवाल उघडा हवा! आगीच्या तपासणीचा अहवाल कपाटात असेल तर त्याचा उपयोग चौकशी समितीला होतो, रुग्णाला होत नाही. तपासणी कुणी केली, किती पैसे घेतले, काय सांगितलं आणि त्यातलं काय झालं, हे एका कागदावर दवाखान्याच्या भिंतीला लागलं असतं तर कुठल्या तरी बाळाच्या आजोबांनी ते वाचलं असतं. एखाद्या स्थानिक बातमीदारानेही वाचलं असतं.

अधिकाऱ्यांचीही एक बाजू आहे, ती मी खासगीत ऐकलेली आहे म्हणून नाव लिहीत नाही. एक डॉक्टर साहेब म्हणाले, "अहो, कंपनी आम्ही मागितलीच नव्हती. वरून पत्र आलं, अमुक तारखेला टीम येईल, सहकार्य करा. अहवालही वरच गेला. मला प्रत मिळालीच नाही, तर तुम्हाला कुठून देऊ?" मला हे खरं वाटतं. मग त्यांनी ते तसंच लिहून द्यायला हवं होतं आणि कलम ६(३) प्रमाणे माझा अर्ज पाच दिवसांत वरच्या कार्यालयाकडे वर्ग करायला हवा होता. पण आपल्या व्यवस्थेत ‘माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘गोपनीय आहे’ म्हणणं जास्त सुरक्षित असतं. ज्याच्या रुग्णालयाचा अभ्यास झाला त्यालाच अहवाल मिळत नाही. पेशंटची तपासणी करायची, रिपोर्ट शेजाऱ्याकडे द्यायचा, आणि बिल पेशंटने भरायचं, असा हा कारभार.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, सल्लागार कधी घ्यावा हे चांगलं लिहून ठेवलंय. खात्याकडे स्वतःकडे ते कौशल्य नसेल तेव्हाच घ्यावा, आधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, आणि काम चालू असताना खात्याने सतत त्यात लक्ष घालावं. शहाणपणाचे नियम आहेत. रुग्ण वाट चुकतात का, हे सांगायला कोणतं दुर्मीळ कौशल्य लागतं ते मला कळलेलं नाही. ते त्या सिस्टरनी चहाच्या कपावर सांगितलं असतं, बिस्किटाचंही बिल न लावता.

माझी मागणी मोठी नाही. रुग्णालयाच्या दर्शनी भागात औषधसाठ्याचा फलक असतो, तसा एक फलक लावा. बाहेरची कोणती संस्था कुठल्या कामाला आली, कुणाच्या आदेशाने, किती रकमेला, अहवाल कधी दिला, तो कुठे बघायला मिळेल. बास. आणि अर्थसंकल्पात सल्लागार सेवेला स्वतःचं वेगळं उद्दिष्ट द्या, वकिलाच्या फीतून आणि सफाईच्या कंत्राटातून ते वेगळं काढा. आमच्या आमदार साहेबांना मी हे लेखी दिलंय. त्यांनी "अधिवेशनात बघू" म्हटलंय. कोणत्या, ते म्हणाले नाहीत.

आणि मित्रांनो, तुम्हालाही एक काम. तुमच्या जवळच्या रुग्णालयात गेलात की इकडे तिकडे बघा. बंद पडलेली टच स्क्रीन, न वापरलेलं टोकन मशीन, कुणीतरी रंगवलेले पट्टे. ते कुणाच्या सल्ल्याने आलं, विचारा. दहा रुपयांचा स्टॅम्प, १५० शब्द. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. ते फेटाळलं तर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे ताटकळावं लागतं हे खरं आहे, पण कागद तर फिरू द्या. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर मला फोन करा, संध्याकाळी सातनंतर, त्याआधी मी बातम्यांत असतो.

ती कायापालटाची जुनी बातमी मी कपाटातून शोधून काढली आहे. पहिल्या अपिलाच्या सुनावणीचं पत्र आलंय, येत्या मंगळवारी दुपारी साडेबारा. कात्रण बरोबर नेणार आहे. साहेबांनी विचारलं की तुम्हाला ह्या प्रकरणाची माहिती कुठून मिळाली, तर म्हणेन, तुमच्याच प्रेस नोटवरून, साहेब. मीच छापली होती.

काय होतं ते मंगळवारी रात्री कळवतो.